बोथट कोयता आणि अर्धं वाक्य : आठवीच्या पाठ नियोजनाच्या नोंदी

१६ जून २०२५, सोमवार

शाळा आज भरली. पुस्तकवाटप, फुलं, नव्या दप्तरांचा वास. दुपारी स्टाफरूममध्ये बसून मागच्या वर्षीच्या घटक चाचणीचे पेपर काढले. रद्दीत द्यायचे होते, पण एक गठ्ठा मुद्दाम बाजूला ठेवला होता.

आमची शाळा मराठी माध्यमाची, तुकडी 'सेमी'ची. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. हीच मुलं दहावीला बोर्डाचा विज्ञानाचा पेपर इंग्रजीत लिहिणार. माझी पद्धत अकरा वर्षांत बदललेली नाही : पुस्तकातलं वाक्य इंग्रजीत वाचायचं, मराठीत समजवायचं, उत्तर इंग्रजीत लिहून द्यायचं. मुलं ते पाठ करतात.

गठ्ठ्यातला प्रश्न होता : 'व्हाय आर द स्ट्रॅप्स ऑफ अ स्कूल बॅग ब्रॉड?' निम्म्याहून जास्त मुलांनी उत्तरात दाबाची व्याख्या लिहिली आहे. 'प्रेशर इज द फोर्स एक्झर्टेड पर युनिट एरिया.' स्पेलिंगसकट बिनचूक. पट्ट्याचा उल्लेखच नाही. मी त्याला अर्धा गुण दिला होता, का दिला ते आता आठवत नाही.

यातल्याच एका मुलाला तेव्हा तोंडी मराठीत विचारलं होतं. तो म्हणाला, "बारीक पट्टा खांद्यात रुततो की मॅडम." म्हणजे विज्ञान त्याला येत होतं आणि व्याख्येचं इंग्रजीही येत होतं. दोन्हींच्या मधलं वाक्य मात्र त्याला कुणी शिकवलं नव्हतं. मी म्हणणार ते इंग्रजीच्या तासाचं काम, आणि इंग्रजीचे सर म्हणणार की दाब त्यांच्या पुस्तकात नाही.

यंदा 'बल व दाब' हा घटक आधी घेते आणि त्याचे पाठ वेगळ्या तऱ्हेने आखून बघते. नोंदी या वहीत.

२० जून

बी.एड.ला 'आशययुक्त अध्यापन पद्धती' नावाचा विषय होता. त्या वेळी आम्ही तो पाठ करून पास झालो. आता जे वाचतेय ते त्याचंच लांबचं भावंड वाटतं. युरोपात याला 'क्लिल' म्हणतात : आशय आणि भाषा एकत्र शिकवणं. हा शब्द फिनलंडच्या युवास्कुला विद्यापीठातल्या डेव्हिड मार्श यांनी १९९४ मध्ये रूढ केला. डू कॉइल या बाईंनी पाठ आखताना चार गोष्टी बघायला सांगितल्या : आशय, संवाद, विचारप्रक्रिया, संस्कृती. त्यांची दुसरी मांडणी मला जास्त कामाची वाटली. पाठात भाषा तीन प्रकारची लागते. एक, विषयाची स्वतःची भाषा (फोर्स, एरिया). दुसरी, वर्गात काम करायला लागणारी (विचारणं, मोजून सांगणं, नाही पटलं तर तसं म्हणणं). तिसरी, शिकता शिकता आपोआप उगवणारी, जी टाचणात (पाठाच्या लेखी आराखड्यात) आधी लिहिता येत नाही.

जिम कमिन्स या भाषा-अभ्यासकांचंही वाचलं. गप्पांची भाषा आणि अभ्यासाची भाषा वेगळी, हा फरक त्यांनी १९७९ मध्ये मांडला. कॅनडात बाहेरून आलेल्या मुलांना बोलण्यापुरतं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं, अभ्यासाचं यायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांचं म्हणणं. पण त्या मुलांच्या मैदानावर इंग्रजी असतं. आमच्या मैदानावर कबड्डी मराठीत चालते. म्हणजे आमची मुलं गप्पांची पायरी गाळून थेट अभ्यासाच्या इंग्रजीवर उडी मारतात. तिकडचं नियोजन जसंच्या तसं उचलून चालणार नाही, एवढं मनात पक्कं झालं.

२४ जून

पहिलं टाचण लिहिलं. आशयाचं उद्दिष्ट : विद्यार्थी दाब, बल आणि क्षेत्रफळ यांचा संबंध स्पष्ट करतो. भाषेचं उद्दिष्ट : विद्यार्थी पुढील १८ शब्दांचे अर्थ सांगतो. खाली १८ शब्द.

खूश होऊन इंग्रजीच्या सरांना दाखवलं. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, कुणाचं मन राखण्याच्या फंदात ते पडत नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "मॅडम, हे उद्दिष्ट नाही. ही वाण्याची यादी आहे."

मला राग आला. टाचण तसंच ठेवलं.

२७ जून

तास फसला. ३५ मिनिटांतली २२ शब्दांतच गेली. 'परपेंडिक्युलर' फळ्यावर लिहिला, त्याचा उच्चार तीनदा घेतला, मुलांना हसू आवरेना. खिळ्याचा प्रयोग शेवटच्या पाच मिनिटांत मीच करून दाखवला. घंटा झाली तेव्हा खिळा थर्माकोलमध्ये अर्धा घुसलेला होता.

वाण्याची यादीच होती.

१ जुलै

आज काहीच शिकवलं नाही. पाटीएवढे कागद वाटले आणि सांगितलं : दाबाबद्दल जे माहीत आहे ते आपल्या भाषेत लिहा, पुस्तकातलं नको. कागद वाचताना लक्षात आलं की वर्गात दोन नाही, तीन भाषा आहेत.

पहिली अंगणातली. 'रुततं', 'टोचतं', 'जोर लावाय लागतो', 'सायकलची हवा कमी असली की रेटत न्यावी लागती.' दुसरी पुस्तकी मराठी. बल, दाब, प्लावक बल (पाणी वस्तूला वर ढकलतं ते). ही घरात कुणीच बोलत नाही. तिसरी इंग्रजी.

मी आजवर समजत होते की मराठीत सांगितलं की मुलाला समजलंच. पण 'प्लावक बल' त्याला 'बॉयंट फोर्स'इतकंच परकं आहे. उलट 'प्रेशर' ओळखीचा : कुकरचा प्रेशर, आजीचं बीपी, सर्व्हिसिंगला प्रेशर मारून धुतलेली गाडी. मात्र तिथे प्रेशर म्हणजे नुसता जोर. ओळखीचा शब्द जास्त फसवतो. अनोळखी शब्दापाशी मूल निदान थांबून विचारतं.

४ जुलै

इंग्रजीच्या सरांकडे पुन्हा गेले, या वेळी टाचण न घेता. म्हटलं, सर, या धड्यात मुलाला एकच इंग्रजी वाक्य बोलता आलं पाहिजे असेल तर कुठलं? त्यांनी पुस्तक चाळलं, दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "जितकं तितकं."

'द स्मॉलर द एरिया, द ग्रेटर द प्रेशर.' ही रचना शिकवायला ते म्हणे नेहमी घाबरतात, कारण तिच्यात क्रियापदच दिसत नाही. पण मराठीत ती मुलांच्या तोंडी आहेच. जितका गूळ घालशील तितकं गोड.

म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत वर्गात जितकं-तितकं खेळलो, आधी मराठीत. जितका पाऊस तितका चिखल. जितका मोठा पेपर तितकी मोठी झोप (हे मागच्या बाकावरून). मग विळा, सुई, खिळा. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला एक मुलगा आहे, फारसं बोलत नाही. तो म्हणाला, "मॅडम, कोयता बोथट झाला की लई जोर लावाय लागतो. त्याशिवाय ऊस तुटतच न्हाय."

मी 'छान' म्हटलं आणि पुढे गेले. त्याचं वाक्य साच्यात बसत नव्हतं. मला 'जितकी धार बारीक तितका दाब जास्त' असं हवं होतं.

८ जुलै

आजचा तास बरा झाला. सविस्तर लिहिते.

आरोग्य तपासणीचा वजनकाटा मागून आणला. चार-चारचे गट, प्रत्येकाला सेंटिमीटरच्या चौकटींचा मोठा कागद. गटातल्या एकाने त्यावर उभं राहायचं, दुसऱ्याने पावलाची कड पेन्सिलने गिरवायची, बाकीच्यांनी चौकटी मोजायच्या. अर्ध्याहून जास्त भरलेली चौकट धरायची, कमी भरलेली सोडायची. बोलण्यासाठी फळ्यावर तीन वाक्यं : 'आय काउंटेड...', 'आय गॉट अ डिफरंट नंबर', 'काउंट इट अगेन.' तिसरं सगळ्यांत जास्त वापरलं गेलं, बहुतेक वेळा भांडणाच्या सुरात. चालेल. ते इंग्रजी खरं होतं.

एका गटातला मुलगा बरोबर ४० किलोचा निघाला, म्हणून त्याचं गणित फळ्यावर घेतलं. वजन ४० गुणिले ९.८, म्हणजे ३९२ न्यूटन. एका पावलाच्या १६० चौकटी, दोन पावलांच्या ३२०, म्हणजे ०.०३२ चौरस मीटर. दाब १२,२५० पास्कल. मग त्याला एका पायावर उभं केलं : २४,५०० पास्कल. वर्गाला आकडा दुप्पट झाल्याचं फार अप्रूप. तो मुलगा मात्र लंगडी घालून कंटाळला.

तेवढ्यात त्याच गटातली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पाय पूर्ण टेकतच नाही. मधे कमान असते." मोरीवरून ओला पाय घेऊन तिने व्हरांड्याच्या फरशीवर ठसा उमटवून दाखवला. टाच, चवडा, पाच ठिपके आणि मधे एका कडेला पट्टी. ठसा वाळायच्या आत कागद दाबून चौकटी मोजल्या : १२०. दोन्ही पावलं मिळून ०.०२४. दाब १६,३३३ पास्कलच्या आसपास.

हा भाग माझ्या टाचणात नव्हता. तिला तो इंग्रजीत सांगायचा होता आणि शब्द नव्हता. "धिस पार्ट नॉट... नॉट लागणे." मी 'टच' दिला. 'धिस पार्ट डझन्ट टच द ग्राउंड.' नंतर दिवसभर वर्गात जो तो काहीतरी 'डझन्ट टच' करत होता. आपोआप उगवणारी भाषा म्हणतात ती हीच असावी.

शेवटी सगळ्यांनी वहीत लिहिलं : 'द स्मॉलर द एरिया, द ग्रेटर द प्रेशर.' ४१ पैकी एकाचीही रचना चुकली नाही. घरी येताना एसटीत मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

१० जुलै

बेंदराचे दिवस, वर्ग अर्धा. उजळणी.

१४ जुलै

गृहपाठ : हे वाक्य वापरून स्वतःचं उदाहरण लिहा. सुई, खिळा, उंट, दप्तर भरपूर आले. एकाने चिखलणीच्या ट्रॅक्टरची लोखंडी रुंद चाकं लिहिली, मस्त. आणि एकाने लिहिलं, पाण्याच्या नळीचं तोंड बोटाने दाबलं की एरिया कमी होतो, प्रेशर वाढतो, धार लांब जाते. 'द स्मॉलर द एरिया, द ग्रेटर द प्रेशर.'

मी ते फळ्यावर घेतलं. टाळ्या वाजवायला लावल्या.

संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालताना स्वतःच नळीचं तोंड दाबलं आणि थबकले. धार लांब जाते ती वेगामुळे. तोंड अरुंद झालं की पाणी जास्त वेगाने बाहेर पडतं. नळीच्या आत जे होतं ते आठवीच्या 'बल भागिले क्षेत्रफळ'मध्ये सरळ बसत नाही, कारण तोंड दाबल्यावर बल पहिल्याइतकंच राहिलं असं म्हणायला आधारच नाही. वाक्य अगदी बिनचूक आणि विज्ञान चूक. त्या मुलाने साच्यात शब्द नीट भरले होते. साचा मीच अर्धा दिला होता.

अर्धा कसा ते रात्री जेवताना कळलं. आपलं वाक्य खरं असायला एक अट लागते : बल तेवढंच राहिलं तर. पावलांच्या प्रयोगात मुलगा तोच होता, वजन तेच होतं, म्हणून ती अट कुणाला बोलावीच लागली नाही. आणि जी बोलावी लागली नाही ती कुणी शिकलं नाही. मीही नाही.

१५ जुलै

वर्गात जाऊन सांगितलं, काल मी चुकले. नळीवाल्या मुलाचा चेहरा पडला. त्याला म्हटलं, चूक माझी आहे, तू दिलेल्या नियमानेच चाललास. आता नियम दुरुस्त करू. तरी तो तासभर गप्पच होता. काल टाळ्या वाजवल्या नसत्या तर बरं झालं असतं.

मग ४ तारखेचं वाक्य आठवलं. कोयता बोथट झाला की लई जोर लावाय लागतो.

त्या मुलाने अट सांगितली होती, उलट्या बाजूने. धारेचं क्षेत्रफळ वाढलं. ऊस तुटायचा तर तेवढाच दाब हवा. मग बल वाढवावं लागतं. तीन राशींपैकी कुठली स्थिर, कुठली बदलते, हे त्याच्या एका वाक्यात होतं आणि मी 'छान' म्हणून पुढे गेले होते. त्याला उभं करून पुन्हा सांगायला लावलं. तो लाजला, पण सांगितलं. फळ्यावर त्याचं वाक्य त्याच्याच बोलीत लिहिलं, 'लई'सकट. खाली सगळ्यांनी मिळून इंग्रजी केलं : 'इफ द एज इज ब्लंट, वी नीड मोअर फोर्स टु गेट द सेम प्रेशर.' 'ब्लंट' शब्द मला द्यावा लागला. 'सेम' त्यांचाच.

'सेम' हा शब्द माझ्या १८ शब्दांच्या यादीत नव्हता. पहिलीपासून येतो म्हणून कुणी तो यादीत घालत नाही.

१८ जुलै

टाचणाचा नमुना बदलला. मुख्याध्यापकांना सही करायला जुनाच नमुना लागतो, म्हणून हे वहीत वेगळं. आता आधी उद्दिष्ट लिहीत नाही. आधी स्वतः उत्तर लिहिते : घटक संपल्यावर बऱ्यापैकी मूल या प्रश्नाचं जे उत्तर देईल ते, दोन-तीन वाक्यांत, इंग्रजीत. माझं इंग्रजी कच्चं आहे, त्यामुळे हेच सगळ्यांत जास्त वेळ खातं. मग त्या उत्तरातले सांधे शोधते. 'इफ', 'सेम', 'दॅन', 'बिकॉज'. शब्द पुस्तकात ठळक छापलेले असतात, सांधे कुणी ठळक छापत नाही. भाषेचं उद्दिष्ट त्या सांध्यांतून येतं. दाबासाठी ते असं झालं : 'विद्यार्थी इफ वापरून काय स्थिर ठेवलं ते सांगतो.' हे वाचून आशयाचं उद्दिष्ट की भाषेचं, ते मलाच ठरवता येईना. सरांना विचारलं. म्हणाले, "ठरवायचं कशाला?"

आणखी एक गोष्ट : तासात कोण किती बोलतं. फोनवर एक तास ध्वनिमुद्रित केला आणि ऐकला. माझाच आवाज. एखाद्या मुलाने तोंड उघडलं की मी त्याचं वाक्य पूर्ण करून टाकते. सवय. पुढच्या तासाला खिशात खडू धरून ठेवला, बोलावंसं वाटलं की दाबायचा. खडूचे तीन तुकडे झाले.

२३ जुलै

तरंगणं आणि बुडणं. प्लास्टिकचे डबे, लिंबू, खिळा, लाकडाचा ठोकळा, अंडं, मीठ. अंडं घरून आणायचं म्हणून एका माळकरी घरातल्या मुलीने लिंबं दोन आणली.

नव्या पद्धतीने आधी उत्तर लिहायला बसले तर इथे अडचण इंग्रजीत नव्हतीच, ती मराठीत होती. 'जड' हा आपला शब्द वजनालाही चालतो आणि घनतेलाही. 'लोखंड लाकडापेक्षा जड' म्हणतो तेव्हा आपण घनता बोलत असतो आणि बोलतोय वजन असं समजतो. वर्गात विचारलं, ठोकळा जड की खिळा? काट्यावर ठोकळा जड. पाण्यात टाकला तर ठोकळा तरंगला, खिळा तळाला. मग 'जड म्हणून बुडतं' याचं काय करायचं? इंग्रजीतल्या 'हेवी'चंही तेच दुखणं. म्हणून त्या तासाला एक नियम केला : 'जड' आणि 'हेवी' दोन्ही शब्दांना बंदी, जो म्हणेल त्याने डब्यातलं पाणी बदलायचं. मुलांना वळसा घालून बोलावं लागलं, 'एवढ्याच जागेत जास्त भरलंय' असं. तिथून 'डेन्सर दॅन' दोन पावलांवर होतं.

अंडं साध्या पाण्यात बुडालं, मिठाच्या पाण्यात वर आलं. आमचं अंडं तेच, पाणी बदललं. या वेळी मी विचारायच्या आत मागून आवाज आला, "एग सेम, मॅडम!" व्याकरण नाही, क्रियापद नाही. अट आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

घटक चाचणी तपासली. दप्तराचा प्रश्न मुद्दाम पुन्हा टाकला होता. व्याख्या लिहून मोकळी झालेली मुलं अजूनही आहेत, आठ-नऊ. काहींनी 'इफ' घातला पण पुढे 'इफ द बॅग इज ब्रॉड' लिहिलं. 'सेम' बऱ्याच जणांनी कुठे ना कुठे पेरलाय, त्यातल्या काहींना तो कशासाठी ते कळलेलं नाही, घातला की मॅडम गुण देतात एवढं कळलंय. नवी पाठांतराची गोळी तयार व्हायला महिनाही लागला नाही. पुढच्या वेळी हाच सांधा वेगळ्या धड्यात, वेगळ्या शब्दांनी यायला हवा.

कोयत्यावाल्याने उत्तर मराठीत लिहिलं आहे, दोन ओळी, अचूक. वर इंग्रजीत फक्त 'सेम वेट बॅग'. नियमाने याला किती गुण द्यायचे? पूर्ण दिले. मुख्याध्यापकांनी विचारलं तर उत्तरपत्रिका दाखवीन.

त्यांनी विचारलं ते वेगळंच. पोर्शन मागे आहे. खरं आहे, दोन आठवडे. पुढचे दोन घटक मी जुन्याच पद्धतीने, वाचून आणि लिहून देऊन, उरकणार आहे. सगळेच धडे असे आखायला माझ्याकडे वेळ नाही आणि सगळ्या धड्यांना ते लागतही नाही. सूक्ष्मजीवांच्या वर्गीकरणाला तक्ता पुरतो.

धाराविद्युतला मात्र पुन्हा वही उघडायची आहे. आज मधल्या सुट्टीत सहज विचारून ठेवलं, करंट म्हणजे काय रे? चार जणांनी हात झटकून दाखवला. "बसतो तो."